रस्त्यावरच्या चुली, जळालेली कागदपत्रं आणि ४७८ हा आकडा : सॅन फ्रान्सिस्को, १९०६



भूकंप किती वेळ चालतो? १८ एप्रिल १९०६ रोजी, बुधवारी, पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्कोत आधी एक धक्का बसला आणि वीसेक सेकंदांनी मोठा. तो जेमतेम पाऊण ते एक मिनिट टिकला. माझ्यासारख्या विज्ञान शाखेतून आलेल्या माणसाला इथं थांबायची सवय असते. तीव्रता सुमारे ७.९, सॅन अँड्रियास भ्रंशावर जवळपास ४७७ किलोमीटर लांबीची फाट, झाली माहिती. पण त्या गावात राहणाऱ्या माणसाचा भूकंप तेव्हा सुरू होतो. तो तीन दिवस आगीत जातो, दोन वर्षं छावणीत आणि काहींच्या बाबतीत पुढच्या दोन पिढ्या. आज त्या दुसऱ्या भूकंपाबद्दल बोलू. तुमच्यापैकी बरेच जण पीएचडीचा विषय शोधताय, सिनॉप्सिस लिहिताय, त्यामुळे अधूनमधून मी तुम्हाला बाजूला घेऊन विचारेन की ही माहिती आली कुठून. ते विचारणं म्हणजे विषयांतर नाही, संशोधकाचं निम्मं काम तेच असतं.

तेव्हाचं सॅन फ्रान्सिस्को म्हणजे सुमारे चार लाख वस्तीचं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं सगळ्यात मोठं शहर. घरं बहुतेक लाकडाची, धुराडी विटांची. धक्क्यानं धुराडी कोसळली, गॅसचे नळ फुटले आणि पन्नासहून जास्त ठिकाणी आग लागली. अग्निशमन दलाचा प्रमुख डेनिस सुलिव्हन पहिल्याच मिनिटात जबर जखमी झाला आणि चार दिवसांनी गेला. पाण्याच्या मोठ्या वाहिन्या तुटल्या होत्या, बंब होते पण नळाला पाणी नव्हतं. हेज व्हॅली भागात एका बाईनं तडकलेल्या धुराड्याखाली सकाळची न्याहारी करायला चूल पेटवली, त्यातून लागलेल्या आगीला पुढं 'हॅम अँड एग्ज' असंच नाव पडलं. आग अडवायला सैन्यानं डायनामाइटनं घरं उडवली, त्यातून काही ठिकाणी नव्या आगी लागल्या. शनिवारी आग विझली तेव्हा जवळपास ५०० चौक आणि २८,००० इमारती गेल्या होत्या आणि दोन लाखांहून जास्त माणसं बेघर झाली होती.

एवढं सगळीकडे वाचायला मिळतं. मी पुढं जाते.

पहिल्याच दिवशी महापौर युजीन श्मिट्झनं एक जाहीरनामा काढला. लूट करताना जो सापडेल त्याला ठार मारण्याचा अधिकार सैनिकांना आणि पोलिसांना दिला. अंधार पडल्यावर घराबाहेर पडू नका असं सांगितलं. एक बारकावा लक्षात घ्या : लष्करी कायदा अधिकृतपणे कधी लागूच झाला नव्हता. जनरल फन्स्टननं प्रेसिडिओच्या तळावरून सैन्य आपणहून शहरात आणलं, महापौरानं कागद काढला आणि लोकांनी गृहीत धरलं की आता लष्कराचंच राज्य आहे. कितीतरी आठवणींमध्ये लोक सरळ 'लष्करी कायदा लागू झाला' असंच लिहितात. म्हणजे साक्षीदार प्रामाणिक आहे, पण त्याचं वाक्य कायद्याच्या दृष्टीनं चूक आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. मुलाखतींवर आधारलेलं काम करणाऱ्यांनी हे मनात ठेवावं. त्याच्या वाक्यातून कायदा कळत नाही, पण बंदूक घेतलेला शिपाई चौकात उभा असताना माणसाला कसं वाटत होतं ते कळतं.

रस्त्यावरून चालणाऱ्या धडधाकट पुरुषांना थांबवून विटांचे ढीग उपसायला लावत. बाकीचे पेट्या ओढत होते. त्या दिवसांबद्दल कुणीही लिहिलेलं वाचा, पेट्या ओढण्याचा आवाज त्यात येतोच. कुणी शिलाई मशीन बाळाच्या गाडीत घालून नेतंय, कुणी पक्ष्याचा पिंजरा. टेकड्यांचं शहर, चढ संपतच नाहीत. आग जवळ आली की पेटी सोडून द्यायची. हजारो लोक फेरीनं खाडीपलीकडे ओकलंडला गेले, सदर्न पॅसिफिक रेल्वेनं निर्वासितांना फुकट नेलं. बाकीचे गोल्डन गेट पार्कमध्ये, प्रेसिडिओच्या मैदानावर, चौकाचौकातल्या बागांमध्ये उघड्यावर झोपले.

आता चुलींकडे येऊ, कारण मला या सगळ्या इतिहासात ती गोष्ट सगळ्यात जास्त बोलकी वाटते.

ज्यांची घरं उभी होती, त्यांनाही घरात चूल पेटवायला बंदी होती. धुराड्याची तपासणी होऊन परवानगी मिळेपर्यंत आत जाळ करायचा नाही. म्हणून शहरभर लोकांनी स्वयंपाकाच्या शेगड्या उचलून फुटपाथच्या कडेला मांडल्या. भोवती पडलेल्या विटांचा आडोसा, वाऱ्यासाठी दोन-चार फळ्या, जुनं दार, कुठं पडद्याचं कापड. हे एक-दोन दिवस नाही, कित्येक आठवडे, काही भागांत महिनोन्महिने चाललं. लोकांनी त्या खोपटांवर मोठमोठ्या हॉटेलांची नावं लिहिली, विनोदी पाट्या लावल्या. कालपर्यंत ज्यांच्या घरी स्वयंपाकीण होती त्या बाया आज रस्त्यावर भांडी घासत होत्या आणि शेजारणीकडून मीठ मागत होत्या. त्याचे फोटो भरपूर आहेत. ते फोटो बघताना मात्र एक विचारा : फोटो कुणी काढला, आणि कोणत्या गल्लीत काढला नाही?

त्या दिवसांमधली आणखी एक सुंदर गोष्ट म्हणजे पोस्ट. मिशन स्ट्रीटवरचं मुख्य पोस्ट ऑफिस कर्मचाऱ्यांनी पोत्यांवर पाणी ओतून, ती आगीवर आपटून वाचवलं. मग पोस्टानं ठरवलं की निर्वासितांचं टपाल तिकिटाशिवाय न्यायचं. कागद कुठे होता? लोकांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर, शर्टाच्या कॉलरवर, वेष्टनाच्या कागदावर लिहिलं : आम्ही जिवंत आहोत, घर गेलं. पोस्टानं ते सगळं पोहोचवलं. त्या लिखाणातलं काही आज संग्रहांमध्ये आहे. भावना जाऊ द्या, पुरावा म्हणूनही त्याची किंमत मोठी आहे, कारण ते त्याच आठवड्यात लिहिलंय. वर्तमानपत्रातली बातमी, वीस वर्षांनी लिहिलेली आठवण आणि तिसऱ्या दिवशी कॉलरवर खरडलेल्या दोन ओळी ही तीन वेगळ्या वजनाची साधनं आहेत. सिनॉप्सिसमध्ये 'प्राथमिक साधने' असं एका शब्दात लिहून मोकळं होऊ नका.

लोक घाबरले नाहीत, उलट फार शांत आणि एकमेकांशी चांगले वागले, असं तुम्हाला पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळेल. हे लिहिणारे साधेसुधे नाहीत. तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स तेव्हा स्टॅनफर्डला शिकवत होता. त्यानं धक्का स्वतः अनुभवला, त्याच दिवशी रेल्वेनं शहरात गेला, माणसं कशी वागतात ते पाहिलं आणि जूनमध्ये त्यावर निबंध छापला. त्याला तर धक्क्याच्या क्षणी भीतीऐवजी आनंदच वाटला होता, असं तो सांगतो. कादंबरीकार जॅक लंडननंही रात्रभर शहरात फिरून जवळजवळ असंच निरीक्षण नोंदवलं. आज आपत्तीच्या समाजशास्त्रात एक पक्की समजूत आहे की संकटात माणसं सहसा सैरावैरा होत नाहीत, एकमेकांना धरून राहतात. जेम्सचा निबंध तिच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक मानला जातो. माझंही मत त्याच बाजूचं आहे. पण त्याच रस्त्यांवर चिनी माणूस चालत होता, आणि त्याच्याशी लोक कसे वागले हे या निबंधांत सापडत नाही. निरीक्षण खोटं नाही, नमुना अपुरा आहे.

चायनाटाउन आगीत पूर्ण गेलं. १९०० च्या जनगणनेनुसार शहरात १४,००० च्या आसपास चिनी लोक होते. त्यांच्यासाठी वेगळी छावणी झाली आणि ती एका जागी राहिलीच नाही. इथून उठवलं, तिथं बसवलं, प्रेसिडिओच्या गोल्फ मैदानाजवळ आणलं, तिथल्या आसपासच्या रहिवाशांना ते शेजार नको होतं म्हणून आणखी पलीकडे फोर्ट पॉइंटकडे ढकललं. इकडे जळालेल्या चायनाटाउनच्या राखेत लोक वस्तू शोधत होते, आणि त्यात नॅशनल गार्डचे जवान आणि चांगल्या कपड्यांतली माणसंही होती. लुटारूंना ठार मारायचा जाहीरनामा अजून लागू होता.

मग शहरातल्या वजनदार मंडळींनी ठरवलं की चायनाटाउन जुन्या जागी, म्हणजे शहराच्या ऐन मध्यावर, पुन्हा होऊ द्यायचं नाही. दक्षिण टोकाला हंटर्स पॉइंटला न्यायचं. पण चिनी वकिलातीनं सांगितलं की आमची कचेरी जुन्याच जागी बांधली जाईल. व्यापाऱ्यांनी जमीनमालकांशी बोलणी केली, कारण त्या जागांचं भाडं घसघशीत होतं. शहरालाही हळूहळू कळलं की हे लोक गेले तर पूर्वेचा व्यापार आणि कराचं उत्पन्न दोन्ही जाईल. लुक टिन एली नावाच्या व्यापाऱ्यानं पुढाकार घेऊन गोऱ्या वास्तुविशारदांकडून पॅगोडासारखी छपरं असलेल्या इमारती बांधून घेतल्या. आज पर्यटक ज्याला 'जुनं चिनी शहर' म्हणून फोटो काढतात, ते भूकंपानंतरचं आहे आणि चीनमध्ये तसं कुठं नव्हतं. तो टिकून राहण्याचा डाव होता. लोकांना बघायला आवडेल असं काही उभारलं की हाकलणं अवघड जातं.

आणि आता कागदपत्रं. आगीत शहराच्या जन्मनोंदी जळाल्या. १८८२ च्या कायद्यानं चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी होती, पण अमेरिकेत जन्मलेला माणूस नागरिक होता आणि नागरिकाची मुलंही येऊ शकत होती. नोंदी गेल्यावर एखादा म्हणाला की माझा जन्म याच शहरात झाला, तर खोडून काढायला काही उरलं नव्हतं. अनेकांनी तसं सांगितलं. मग तो चीनला जाऊन यायचा आणि मुलगा झाला अशी नोंद करायचा, झालेला असो वा नसो. ती जागा पुतण्याला, गावातल्या कुणाला, किंवा पैसे देणाऱ्या अनोळखी मुलाला मिळायची. यांना 'पेपर सन्स' म्हणतात, आपण कागदी मुलगे म्हणू. सरकारलाही हे कळत होतं. १९१० ते १९४० या काळात एंजल आयलंडवर या मुलांची उलटतपासणी व्हायची. तुमच्या गावात घरांच्या किती रांगा, विहीर कुठल्या बाजूला, तुमच्या घराला पायऱ्या किती. बापाला वेगळं विचारायचं, मुलाला वेगळं, आणि उत्तरं जुळवून बघायची. मुलं जहाजावर उत्तरांच्या वह्या पाठ करत यायची आणि किनारा दिसायच्या आत त्या समुद्रात टाकायची.

त्या तपासणीच्या हजारो पानांच्या फायली आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आता सांगा, संशोधक म्हणून त्यांचं काय कराल? नाव खोटं, बाप खोटा, कदाचित गावही खोटं. पण प्रश्न खरे आहेत, प्रश्न विचारणाऱ्याचा संशय खरा आहे आणि मुलाला किती वेळ कोंडून ठेवलं ती तारीख खरी आहे. खोट्या दस्तऐवजातून खरा इतिहास काढता येतो, फक्त तो दस्तऐवज कशाबद्दल खरं बोलतोय हे आधी ठरवावं लागतं. कितीतरी कुटुंबांमध्ये हे कागदी आडनावच पुढं चालू राहिलं. मुलांना खरं आडनाव कळलं ते १९५० च्या दशकात, सरकारनं कबुलीची योजना काढल्यावर, आणि काहींना तेव्हाही नाही. म्हणून मी सुरुवातीला दोन पिढ्या म्हटलं.

जपानी लोकांचं प्रकरण थोडक्यात सांगते, पण ते सोडवत नाही. भूकंपानंतर परदेशांतून जी मदत आली तिच्यात जपानचा वाटा सर्वांत मोठा होता, दोन लाख चाळीस हजार डॉलरच्या वर, बाकीच्या सगळ्या देशांच्या एकत्र रकमेपेक्षा जास्त. टोकियोचे भूकंपशास्त्रज्ञ ओमोरी फुसाकिची स्वतः पाहणी करायला आले. त्या वेळी या विषयात त्यांच्याएवढा अधिकारी माणूस जगात क्वचितच असेल. त्यांच्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यात पोरांनी दगड मारले. आणि ११ ऑक्टोबर १९०६ ला, भूकंपाला सहा महिनेही झाले नव्हते, शहराच्या शाळा मंडळानं हुकूम काढला की जपानी आणि कोरियन मुलांनी गोऱ्या मुलांबरोबर शिकायचं नाही, चायनाटाउनमधल्या वेगळ्या शाळेत जायचं. प्रकरण थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टपर्यंत गेलं.

मदतीचा पैसा कसा वाटला गेला, हा तर एका स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. पहिल्या दिवसांत ब्रेडच्या रांगेत कारखानदार आणि हमाल एकामागं एक उभे होते. बँकांच्या तिजोऱ्या इतक्या तापल्या होत्या की त्या थंड होईपर्यंत उघडता येत नव्हत्या, लवकर उघडली तर आतले कागद हवा लागताच पेट घ्यायचे. त्यामुळे श्रीमंताच्या खिशातही रोख पैसा नव्हता. ती समानता फार टिकली नाही. रेड क्रॉसनं एडवर्ड डिव्हाइन यांना पाठवलं, कुटुंबांची नोंदणी झाली, रांगेची जागा फाइलनं घेतली. प्रत्येक कुटुंबाची परिस्थिती बघून मदत ठरवायची. तपासणाऱ्याचा रोख असा की तू आधी जो होतास, तिथं परत पोचायला मदत करू. आता बघा याचा अर्थ काय होतो. जळालेल्या भागात ज्याचं स्वतःचं घर होतं, त्याला पुन्हा बांधायला खर्चाच्या एक तृतीयांश, जास्तीत जास्त ५०० डॉलर अनुदान. आणि जो भाड्यानं राहायचा, त्याला छावणीतली खोली.

त्या खोल्या मात्र चांगल्या होत्या, हे मान्य करायला हवं. कापडी तंबूत पावसाळी हिवाळा निघणार नाही म्हणून सप्टेंबर १९०६ पासून बागांमध्ये लाकडी घरकुलं बांधायला घेतली, एकूण ५,६१०. सगळ्यात लहान घरकुल १० बाय १४ फुटांचं. रेडवूडच्या भिंती, देवदाराच्या फळ्यांचं छप्पर, बागेत मिसळून जावीत म्हणून बाहेरून हिरवा रंग. सोळा हजारांहून जास्त माणसं त्यांत राहिली. महिन्याला दोन डॉलर भरायचे, ते ५० डॉलर किमतीतून वजा व्हायचे. १९०७ मध्ये बागा रिकाम्या करायची वेळ आली तेव्हा ज्यानं कुठं जमिनीचा तुकडा मिळवला त्यानं आपलं घरकुल घोड्यांच्या गाड्यावर चढवून तिकडं नेलं. दोन-तीन घरकुलं जोडून लोकांनी मोठं घर केलं. भाड्यानं राहणारी किती कामकरी कुटुंबं अशी घराची मालक झाली. आपल्याकडे किल्लारीनंतरच्या पत्र्याच्या शेडबद्दल कुणी काम करत असेल, तर त्यानं या घरकुलांचा इतिहास जरूर वाचावा. तात्पुरता निवारा कधी तात्पुरता राहतो आणि कधी नाही, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

छावण्या जून १९०८ पर्यंत चालल्या. मध्ये १९०७ साली शहरात प्लेग आला. भूकंपानं गटारं फुटलेली, ढिगारे पडलेले, उंदरांची चंगळ. १९०० ते १९०४ च्या पहिल्या साथीत सगळा दोष चायनाटाउनवर टाकून तिथं दोर बांधून नाकेबंदी केली होती. या वेळी चायनाटाउनमध्ये रुग्ण मोजकेच होते आणि साथ गोऱ्या वस्त्यांत पसरली. डॉक्टर रुपर्ट ब्लू यांनी वस्ती सोडून उंदरांमागं मोहीम लावली. लाखो उंदीर मारले, प्रयोगशाळेत तपासले, छावणीतली घरकुलं जमिनीपासून उचलून घेतली. यात मुंबईचा संबंध आहे. उंदरावरच्या पिसवांमधून प्लेग माणसाकडे येतो, ही कल्पना सिमोंनं १८९८ मध्येच मांडली होती, पण तिचा भक्कम प्रायोगिक पुरावा १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग आयोगानं गोळा केला. पुण्यात १८९७ मध्ये लोकांची घरं धुंडाळणाऱ्या रँडच्या सोजिरांना हे कुणी सांगितलं असतं तर, असा विचार मनात येतोच. असो.

आता नावाचं राजकारण. विम्याच्या पॉलिसी आगीच्या होत्या, भूकंपाच्या नव्हत्या. म्हणजे घर धक्क्यानं पडलं तर शून्य, जळलं तर पैसे. काही लोकांनी आपली पडकी घरं स्वतः पेटवली, अशी नोंद सैन्याच्या एका कॅप्टननं तेव्हाच करून ठेवलीय. लंडनच्या लॉइड्समधल्या कथबर्ट हीथनं आपल्या सगळ्या ग्राहकांना पॉलिसीतली कलमं न बघता पूर्ण पैसे द्यायला सांगितलं. बऱ्याच कंपन्यांनी इतका मोठेपणा दाखवला नाही. पण विम्यापेक्षा मोठं कारण भांडवलाचं होतं. आग कुठल्याही शहरात लागते, शिकागोला १८७१ मध्ये लागली होती. भूकंप मात्र तुमच्या जमिनीचा दोष दाखवतो. मग जमिनीच्या व्यापाऱ्यांनी ठरवून 'महान आग' असंच म्हणायला सुरुवात केली. स्टॅनफर्डचे भूवैज्ञानिक जॉन ब्रॅनर यांनी १९१३ मध्ये वैतागून लिहिलंय की भूकंपाची माहिती गोळा करू नका, छापू तर मुळीच नका, असा सल्ला त्यांना वारंवार मिळाला.

तरीही माहिती गोळा झाली. राज्यपाल पार्डी यांनी तीन दिवसांतच अँड्र्यू लॉसन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. पैसे राज्यानं दिले नाहीत, कार्नेगी संस्थेनं दिले. १९०८ चा तो अहवाल आजही वाचावा असा आहे. कुंपणं किती फूट सरकली, कुठल्या चौकात किती धुराडी पडली, स्मशानातले दगड कुठल्या दिशेला कलंडले, सगळं पायी फिरून नोंदवलेलं. हॅरी फील्डिंग रीड यांनी जुन्या सर्वेक्षणांतल्या मोजण्या भूकंपानंतरच्या मोजण्यांशी ताडून पाहिल्या आणि १९१० मध्ये लवचीक प्रत्यावर्तनाचा सिद्धांत मांडला. त्या जुन्या मोजण्या भूकंपासाठी केलेल्याच नव्हत्या, नकाशे काढायला केल्या होत्या. दुसऱ्याच कामासाठी नीट जपलेला डेटा पन्नास वर्षांनी असा कामाला येतो. आणि हॅरी वुडनं शहराचा जो नकाशा केला, त्यात स्वच्छ दिसतं की भराव टाकून केलेल्या जमिनीवर हादरा सर्वांत जास्त होता. व्हॅलेन्सिया स्ट्रीटवरचं चार मजली हॉटेल बुजवलेल्या दलदलीवर होतं, त्याचे खालचे मजले जमिनीत दबले. नकाशा छापून झाल्यावर काही वर्षांनी, १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी, शहरानं उत्तरेच्या खाडीत आणखी भराव टाकला आणि नंतर त्यावर घरं बांधली. तो मरीना भाग. १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपात तिथली जमीन पातळ होऊन इमारती बसल्या आणि आग लागली.

शेवटी आकडा. १९०७ मध्ये शहरानं मृतांची संख्या ४७८ अशी दिली आणि ती पुढं ऐंशी वर्षं पाठ्यपुस्तकांत फिरत राहिली. दोन लाख माणसं बेघर, पाचशे चौक राख, झोपेच्या वेळी कोसळलेली भाड्याच्या खोल्यांची हॉटेलं, आणि मृत ४७८. विज्ञानाचा विद्यार्थी असाल तर हा आकडा पाहूनच खटकायला हवा. १९६० च्या दशकात शहराच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या ग्लॅडिस हॅन्सन यांच्याकडे लोक यायचे आणि भूकंपातल्या मृतांची यादी मागायचे. यादी नव्हतीच, फक्त संख्या होती. मग त्यांनी एकेक नाव गोळा करायला घेतलं. मृत्यूचे दाखले, वर्तमानपत्रांतल्या 'हरवले आहेत'च्या जाहिराती, देशभरातून कुटुंबांनी पाठवलेली पत्रं. जखमी होऊन दुसऱ्या गावी जाऊन मेलेला माणूस, गोळी घातलेला माणूस, ज्याचं हाडही आगीत उरलं नाही तो माणूस, यांपैकी कुणीच सरकारी मोजणीत नव्हतं. चिनी मृत तर अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लिहिले होते. हॅन्सन यांनी १९८९ मध्ये एमेट कंडन यांच्यासोबत पुस्तक छापलं आणि संख्या तीन हजारांच्या वर असल्याचं मांडलं. कसलं अनुदान नाही, प्रयोगशाळा नाही, एक खोकं कार्डांचं.

आज बहुतेक अभ्यासक तीन हजारांचा आकडा धरतात, तोही 'किमान' म्हणून. सॅन फ्रान्सिस्कोच्या नगर मंडळानं ४७८ हा जुना आकडा बाजूला ठेवायचा ठराव केला तो २००५ मध्ये, म्हणजे भूकंपानंतर ९९ वर्षांनी. हॅन्सन त्यानंतरही नावं घालतच राहिल्या.